उमेदवारीची वाट : माजलगाव ते हैदराबाद

आपल्या समाजाचा इतिहास लिहायला बसले की आपली लेखणी बहुधा दोन ठिकाणी रमते. एक तर सुलतान-सुभेदारांच्या दरबारात, नाहीतर सूफी-संतांच्या खानकाहीत. दोन्हीकडे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, यात शंका नाही. पण ज्या हातांनी विहिरी बांधल्या, मातीचे नळ जमिनीत पुरले, खांद्यावर पखाल घेऊन घरोघर पाणी पोचवले आणि पुढे लोखंडी नळांना आटे पाडले, त्या हातांचा इतिहास आपण कुठे लिहिला आहे? आम्ही मराठवाड्यातील माणसे. आमच्या मोहल्ल्यांतून कोणाचा ना कोणाचा मुलगा कामाच्या शोधात परराज्यात असतोच. तो तिथे कोणाच्या हाताखाली काय शिकला, किती वर्षे राबला आणि शेवटी त्याच्या पदरात काय पडले, याची नोंद मात्र घरच्या माणसांच्या आठवणीपलीकडे कुठेही नसते. या लेखात आम्हांला या नोंद नसण्याचाच विचार करायचा आहे.

आधी एका शब्दाबद्दल. 'उमेदवार' म्हटले की आज आपल्याला निवडणूक आठवते. जुन्या मराठीत मात्र पुढे जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणाऱ्याला उमेदवार म्हणत. शब्द फारसीतला, 'उमीद' बाळगणारा तो उमेदवार. सरकारी मराठीत ॲप्रेंटिसला आजही 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हणतात. माजलगावहून हैदराबादला नळकाम शिकायला जाणाऱ्या पोराला याहून योग्य शब्द सापडणार नाही. त्याच्याजवळ उमेद तेवढी असते, बाकी काही नसते.

पाण्याची आपली विद्या

नळकाम ही इंग्रजांनी आणलेली विद्या आहे, असा एक समज आहे. लोखंडी पाइप आणि पितळी तोट्या त्यांच्या काळात आल्या, हे खरे. पण पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याची विद्या आमच्या भागात त्याआधीच नांदत होती. बीड शहराबाहेरची खजाना विहीर निजामशाहीतील सरदार सलाबत खान याने १५८३ च्या सुमारास बांधवली. तिचे काम राजा भास्कर या स्थापत्यकाराने केले. विहिरीला बोगदे आहेत. त्यांतून पाणी आत येते आणि उताराने शेतांकडे जाते. काढणारा बैल नाही की मोट नाही, सगळा कारभार उताराचा. सरदार मुसलमान, स्थापत्यकार हिंदू आणि पाणी सगळ्या शिवाराचे.

पुढे मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. त्याने तिथे नहर आणली. डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालून वाहत शहरात आले. मलिक अंबर स्वतः हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, कित्येक मालकांच्या हाताखालून गेलेला माणूस. परमुलखातून आलेल्या माणसाने परक्या गावाला पाणी दिले, याचे हे मोठे उदाहरण आहे. त्याच शहरातील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की अठराव्या शतकातली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून तिथे आणले, उंचावर चढवून खाली सोडले आणि त्या धारेवर जाते फिरवले. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, हे आज प्लंबरला शिकवावे लागते. त्या कारागिरांना किलो ठाऊक नव्हता, पण दाब ठाऊक होता.

सलाबत खानाचे नाव राहिले, राजा भास्करचे राहिले, मलिक अंबरचे तर राहणारच. मातीचे नळ भाजणाऱ्या कुंभाराचे, ते चुन्याने सांधणाऱ्या गवंड्याचे आणि त्यांच्या हाताखालच्या शागिर्दाचे नाव कुठे आहे? आपल्या विषयाची सुरुवातच या गाळलेल्या ओळीपासून होते.

हैदराबादचे बोलावणे

माजलगाव हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीड जिल्ह्याचा तालुका. जुन्या कागदांत त्याचे नाव मांजलेगाव असे येते. सिंदफणा नदी याच तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते. गाव नदीकाठचे असले तरी पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे कामासाठी बाहेर पडणे इथे नवे नाही. राजधानी हैदराबाद सुमारे चारशे किलोमीटरवर. हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, पण ती गोदावरीच्या पलीकडून सेलू-परभणीवरून गेली. माजलगावच्या माणसाला आधी गोदावरी ओलांडून स्टेशन गाठावे लागे. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. माजलगाव अजूनही रुळावर नाही.

हैदराबादला नळकामाची मागणी वाढली ती एका आपत्तीमुळे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला पूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले. त्यांच्या सल्ल्यानुसार पूर अडवण्यासाठी आणि शहराला पाणी देण्यासाठी दोन तलाव झाले : १९२० साली मुसेवर उस्मानसागर आणि १९२७ साली तिच्या उपनदीवर हिमायतसागर. संस्थानातले इंजिनिअर नवाब अली नवाज जंग यांचे नाव या कामांशी कायमचे जोडले गेले आहे. तलाव झाले म्हणजे मोठे नळ आले, मोठ्या नळांना फाटे फुटले, फाट्यांवरून हवेल्यांत आणि घरांत तोट्या बसल्या. त्यासाठी माणसे लागली.

याच घडामोडीत एक जुना पेशा मावळत होता. पाणी वाहणाऱ्याला आपण भिस्ती म्हणतो, मराठीत पखाली. 'बहिश्त' म्हणजे स्वर्ग, त्यावरून हा शब्द आला. तहानलेल्याला पाणी देणारा जन्नतचा हक्कदार, असा त्यातला भाव. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेल्या हुमायूनला एका भिस्त्याने मशकीच्या आधाराने गंगा पार करवली आणि त्याबद्दल त्याला थोडा वेळ तख्तावर बसायला मिळाले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. भिस्त्याला तख्त एकदा मिळाले, पण नळ आल्यावर त्याची पखाल कायमची उतरली. घरोघर पाणी पोचवण्याचे काम त्याच्या खांद्यावरून नळाकडे गेले आणि नळ बसवणारा हा नवा कारागीर उभा राहिला.

माजलगावच्या माणसाला त्या काळी हैदराबाद परके नव्हते. राज्य एक, सरकारी भाषा उर्दू, घरी बोलायची दखनी दोन्हीकडे सारखीच. बाजारात इकडे मराठी, तिकडे तेलुगू, एवढाच फरक. परराज्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो आपल्याच राजधानीला निघाला होता.

माणूस तिथेच, सरहद्द हलली

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधी रझाकारांनी खेड्यापाड्यांतील हिंदूंवर जे अत्याचार केले, ते नाकारून चालणार नाही. त्यानंतर मराठवाड्यातील निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, तेही नाकारता येणार नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी त्या वर्षाच्या अखेरीस दौरा करून भारत सरकारला अहवाल दिला. त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत आणि त्याखालोखालच्या चारांत औरंगाबाद आणि बीड. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. कितीतरी घरांचा कर्ता पुरुष गेला. फौज, पोलीस, महसूल यांतली उर्दूवाल्यांची नोकरी गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कलम धरली होती, त्यांच्या मुलांनी हत्यार धरले. सुतारकाम, टिनकाम, विजेचे काम, नळकाम अशा धंद्यांना उर्दू-मराठीचा दाखला लागत नव्हता. हात चालला की पोट चालते, एवढाच हिशोब होता.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार राज्यरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेले. मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला ही आनंदाचीच गोष्ट होती. आमची भाषा मराठी आहे आणि आम्ही तिच्या घरी आलो. पण हैदराबादच्या एखाद्या गल्लीत उस्तादाच्या हाताखाली पाइप कापणाऱ्या माजलगावच्या पोराचा यात एक वेगळाच हिशोब झाला. तो जागचा हलला नव्हता, तरी एका रात्रीत परराज्यातला झाला.

याचा परिणाम नुसता कागदावर राहिला नाही. हैदराबादेत 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' हा वाद जुनाच होता. १९५२ साली त्यावरून आंदोलन होऊन गोळीबारही झाला होता. राज्यरचनेनंतर संसदेने १९५७ साली कायदा केला. त्याखालील नियमांनुसार तेलंगण भागातील दुय्यम सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या नोकऱ्यांसाठी त्या भागात सलग १५ वर्षे वास्तव्याची अट आली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरवली, पण मुल्कीचा वाद १९७३ पर्यंत धुमसत राहिला. खाजगी कामाला असला दाखला कोणी मागत नव्हते. मात्र ज्याला रोजंदारी सोडून कायमच्या जागेवर लागायचे होते, त्याने आपण १५ वर्षे इथे आहोत हे दाखवायचे कशाने? भाड्याच्या खोलीला पावती नव्हती, कामाला हजेरीपट नव्हता आणि उस्तादाने काही लिहून दिलेले नव्हते.

पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. म्हणजे एकाच घरातील आजोबा, बाप आणि नातू एकाच शहरात कामाला गेले, तरी तिघे तीन वेगवेगळ्या राज्यांत गेले. आजोबा स्वतःच्या राजधानीत, बाप आंध्र प्रदेशात आणि नातू तेलंगणात.

उस्ताद आणि शागीर्द

ही विद्या शिकवण्याची रीत जुनीच राहिली. ओळखीच्या माणसाचा हात धरून पोरगा शहरात येतो. पहिले काही महिने तो 'हेल्पर' असतो. सामान उचलणे, भिंतीला खाचा पाडणे, चहा आणणे. मग पाइप धरायला मिळतो. व्हाइसमध्ये पाइप आवळून डायने आटे पाडणे, आट्यांवर सफेदा लावून सूत गुंडाळणे, पाना किती फिरवला म्हणजे सांधा गळणार नाही आणि किती फिरवला म्हणजे फिटिंग तडकेल, हे हाताला कळू लागते. त्यानंतर पाणसळ आणि लेव्हल पाइप. सांडपाण्याच्या चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट उतार, हे सूत्र उस्ताद तोंडी सांगतो. उतार कमी पडला तर घाण साचते आणि जास्त झाला तर पाणी पुढे पळून घाण मागे राहते. संडासाच्या भांड्याखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम का उभे असावे लागते, हेही तो सांगतो. ते पाणी गटारातली हवा घरात येऊ देत नाही. सगळ्यात शेवटी येते ती चाचणी. पाइपात पंपाने दाब भरून ठेवायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचे. भिंत बुजवण्याआधी गळती सापडली तर ती कारागिराची, बुजवल्यावर सापडली तर घरमालकाची, असे या धंद्यात मानतात.

या रीतीत मोठा गुण आहे. गरिबाच्या पोराला फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, भाषेचा अडसर नाही. उस्ताद त्याला आपल्या ताटात जेवू घालतो, त्याच्या घरी मनीऑर्डर गेली का ते विचारतो. पण हिचा दोषही तितकाच मोठा आहे. शागीर्द कधी कारागीर झाला, हे ठरवणारा उस्तादाशिवाय कोणी नाही. उस्तादाने मनावर घेतले तर तीन वर्षांत, नाहीतर दहा वर्षांनीही तो हेल्परच. त्याची मजुरीही तशीच राहते. उस्ताद वारला किंवा दोघांचे बिनसले की दुसऱ्या दारी पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात. आणि राज्य बदलले, तर ती तोंडी साक्षही सरहद्दीच्या अलीकडेच राहते.

कायदे झाले, पोचले नाहीत

कायद्यांची उणीव होती असे म्हणता येत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ साली झाला. त्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार हवा, त्याची सरकारी नोंद हवी, विद्यावेतन हवे आणि शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र हवे. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. मात्र कायदा एक गोष्ट स्पष्ट सांगतो : शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. म्हणजे कराराचा कागद असेल तरच त्याला संरक्षण. कागद नसेल, तर तो ना शिकणारा ना कामगार. हा कायदा नांदला तो मोठ्या कारखान्यांत. नळकाम चालते ते छोट्या ठेकेदारांच्या जिवावर, आणि त्यांच्यापर्यंत तो फारसा उतरला नाही.

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली वेगळा कायदा झाला. फोटो लावलेले पासबुक, स्थलांतर भत्ता, जाण्यायेण्याचा खर्च, सगळे त्यात होते. पण तो ठेकेदाराने नेलेल्या मजुरांसाठी होता. चुलतभावाबरोबर एसटीने किंवा रेल्वेने स्वतःच गेलेला माजलगावचा पोरगा त्यात बसत नव्हता. २०२० च्या नव्या संहितेत स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगाराचाही समावेश झाला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या सुधारणेला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

नोंद नसण्याची किंमत काय असते, हे मधल्या काळात सगळ्यांनी पाहिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. ८ मे २०२० रोजी पहाटे आमच्याच मराठवाड्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेले. जे दुःख आपण हैदराबादेत किंवा पुण्यात आपल्या पोरांसाठी भोगतो, तेच दुःख घेऊन दुसऱ्या राज्याची पोरे आपल्या दारात उभी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी आमच्याकडे नाही. जिवंतपणी ज्यांची नोंद नव्हती, त्यांची मेल्यावर कोण ठेवणार?

ओडिशाचा दाखला

यातून वाट काढलेला एक मुलूख आपल्या देशात आहे. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पट्टामुंडई भागाचे लोक कित्येक दशके देशभर नळकाम करतात. एकाने दुसऱ्याला नेले, दुसऱ्याने तिसऱ्याला. रीत आपलीच, उस्ताद-शागिर्दाची. आधी कलकत्ता, मग दिल्ली, मुंबई आणि आखाती देश. फरक असा की पुढे त्यांच्या गावाकडे सरकारी प्लंबिंग संस्था उभी राहिली आणि तोंडी विद्येला प्रमाणपत्राची जोड मिळाली. महापूर आणि गरिबीने ज्यांना गाव सोडायला लावले, त्यांनी आपल्या हातातल्या कामाला आपल्या मुलखाची ओळख बनवले. दुष्काळी बीड जिल्ह्याची देशभरची ओळख मात्र ऊसतोडीची आहे.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवले की, मुसलमान कामगार नियमित पगाराच्या नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत. म्हणजे हुन्नर आपल्याकडे आहे, पण त्याची मान्यता नाही. हे वाक्य आपण सभांमधून पुष्कळदा ऐकले. माजलगावच्या प्लंबरच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी साधा आहे : हात तयार, कागद कोरा.

आता काय?

१९९८ साली हैदराबादेत सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि शहर पश्चिमेकडे उंच वाढू लागले. वीस-वीस मजल्यांच्या इमारतींत लोखंडी पाइप मागे पडून प्लास्टिकचे आले. आटे आणि सूत गेले, चिकटवणारे द्रावण आले. काम हलके झाले, पण दाबाचा हिशोब अवघड झाला. नकाशा वाचता येणे भाग पडले. नुसत्या हाताच्या अंदाजावर आता फार काळ भागणार नाही.

दुसरीकडे पाणी आपल्या दाराशीही आले आहे. सिंदफणेवरचे माजलगाव धरण १९८७ साली पूर्ण झाले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने गावोगाव घरोघर नळाचा वायदा केला. नळ बसला की तो गळणार, तुंबणार, दुरुस्तीला येणार. म्हणजे प्रत्येक गावाला नळाचा जाणता माणूस लागणार. ज्या गावच्या आया-बहिणी अजून हंड्यासाठी रांगेत उभ्या असतात, त्याच गावचा मुलगा परराज्यात विसाव्या मजल्यावर पाणी चढवतो, ही विसंगती मोडायची असेल तर त्याला गावात मान आणि काम दोन्ही मिळाले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे फार मोठे नाही. मुलगा परराज्यात जात असेल तर खुशाल जाऊ द्या. संविधानाच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क त्याला दिला आहे. पण जाण्याआधी त्याची शाळा तुटू देऊ नका. आयटीआयचा प्लंबरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, जवळ जमत असेल तर तो आधी करू द्या. ज्यांनी उस्तादाकडे विद्या घेतली आहे, त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनेत आहे. आणि जे स्वतः उस्ताद आहेत, त्यांनी आपल्या शागिर्दाला निदान एका कागदावर लिहून द्यावे : अमक्या तारखेपासून अमक्या तारखेपर्यंत हा माझ्याकडे होता, एवढे काम त्याला येते. शेवटी सही आणि तारीख. कुरआन शरीफमध्येही देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवा, अशी स्पष्ट ताकीद आहे. विद्येचे देणेघेणे हाही मुदतीचाच व्यवहार आहे.

मोहल्ल्यातल्या जुन्या कारागिरांजवळ बसून त्यांच्या हकीकती लिहून घेण्याचे काम मात्र सरकारचे नाही, आपले आहे. कोणत्या साली गेले, कोणाकडे शिकले, कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या गल्लीत नेले, १९५६ नंतर काय बदलले, हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. खजाना विहिरीच्या कारागिरांची नावे आपण गमावली. यांची तरी गमावू नयेत.